मुलूखमैदान तोफेवर नाव कोणाचं?



लग्नात आलेला हंडा आठवा. त्यावर कोरलेलं नाव मामाचं असतं, नाहीतर आत्याचं. ज्या तांबटानं तो घडवला, त्याचं नाव कुठेच नसतं. जुन्या हत्यारांचंही तसंच. काही घरांत आजोबांच्या वेळची विलायती दुनळी बंदूक परवान्यावर असते. नळीवर इंग्रजी नाव दिसलं की आपण म्हणतो, हाच कारागीर. पण पुष्कळदा ते विकणाऱ्या दुकानाचं असतं आणि बंदूक बनलेली असते इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला. तिथे १८१३ पासून नळीची परीक्षा घेऊन ठसा मारतात. तो खालच्या अंगाला, झाकलेल्या जागी असतो. म्हणून बंदूक कोणाची हे शोधायचं तर तिच्यावरचं सगळं वाचावं लागतं.

आपल्या नगरात ओतलेल्या एका तोफेवर मात्र कारागिराचं नाव स्पष्ट आहे. फाडफाड बोलणाऱ्या बाईला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो ना, तीच ही. आज ती विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांच्या वर. तोंड सिंहाच्या जबड्यासारखं, आणि त्या दातांत हत्ती चिरडलेला. धातू तांबं आणि कथील, म्हणजे भांड्यांना कलई करतात तेच कथील.

तिच्यावर अरबी-फारसी अक्षरांत लेख आहेत. एकात राजाचं नाव, निजामशहा, आणि हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९. तेव्हा नगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशहा होता. दुसऱ्यात ओतणाऱ्याचं नाव, महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. एवढी मोठी तोफ ओतायची म्हणजे किती भट्ट्या, किती भाते, किती माणसं लागली असतील! त्या हातांची नावं तोफेवर नाहीत.

पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली. १६३२ साली मुरार जगदेवानं तिथून विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते असं सांगतात. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर जिंकलं आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवून घेतला. आपल्या गटाच्या पापडांवर शहरातला व्यापारी स्वतःचं लेबल चिकटवतो, तसंच झालं हे. फरक इतकाच की त्यानं रूमीचं नाव खरवडलं नाही. नाहीतर आज ही तोफ औरंगजेबाचीच ठरली असती.

इंग्रजांच्या राज्यात, १८५४ साली, तिचा लिलाव झाला. बोली लागली फक्त दीडशे रुपयांची! नंतर तो व्यवहार रद्द झाला, म्हणून ती वितळली नाही.

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर आहे. गटाची सहल तिकडे गेली तर गोलघुमट बघून लगेच परतू नका. बुरुजाच्या पायऱ्या चढा आणि तिथल्या माहीतगाराला विचारा, रूमीचं नाव कुठल्या ओळीत आहे.