रोमन संबंध, प्राचीन महाराष्ट्राचे

इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत कोकणातील बंदरे व त्यांच्यामागील पठारी नगरे यांचा भूमध्य समुद्राकाठच्या रोमन जगाशी आलेला व्यापारी व सांस्कृतिक संबंध. त्याची साधने म्हणजे ग्रीक-लॅटिन लेखकांची वर्णने, सह्याद्रीतील लेण्यांमधील कोरीव लेख आणि उत्खननांत सापडलेल्या वस्तू. यांपैकी वस्तुरूप पुरावा विसाव्या शतकाच्या मध्यास झपाट्याने वाढला. पण त्याचा अर्थ लावताना परदेशी वाटणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू रोमन ठरविण्याकडे कल होता. पुढील संशोधनाने ही प्रवृत्ती मागे पडली असून प्रत्यक्ष आयात थोडी आणि तिचे स्थानिक अनुकरण विपुल, असे चित्र आता दिसते.

सोपारा, कल्याण व चौल ही उत्तर कोकणातील प्रमुख बंदरे. मुंबईच्या बंदरात शिरलेले गलबत घारापुरी मागे टाकून ठाण्याच्या खाडीत येते. या खाडीच्या पूर्व काठावर शिरवण्यासारखी, आज नवी मुंबईत समाविष्ट झालेली गावे आहेत. खाडीच्या माथ्याशी ठाणे आणि त्यापलीकडे उल्हास नदीवर कल्याण. तेथून नाणेघाटाने जुन्नरास व बोरघाटाने कार्ल्याच्या बाजूस जाता येई. कल्याणचे प्राचीन थर दाट वस्तीखाली दबलेले आहेत आणि खाडीकाठच्या बऱ्याच खाजणांवर १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीत भराव पडला. त्यामुळे या जलमार्गाच्या अभ्यासात घारापुरीच्या किनाऱ्यावरील अवशेषांना विशेष महत्त्व आले आहे.

पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या नावाने ओळखला जाणारा ग्रीक ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील एका अज्ञात व्यापाऱ्याने लिहिला. बॅरिगाझा म्हणजे भडोच येथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असल्याचे तो सांगतो. तगरहून जाडेभरडे कापड व मलमल भडोचला जाई. उलट बाजूने मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे व काच येई. कल्याणविषयीची त्याची नोंद राजकीय दृष्ट्या बोलकी आहे. थोरल्या सातकर्णीच्या (सारगनॉस) काळी ही खुली पेठ होती. पुढे ती सँडनीझच्या ताब्यात गेल्यावर व्यापारास अडथळा येऊ लागला आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन व क्षहरात क्षत्रप यांच्या संघर्षाचे प्रत्यंतर या त्रोटक नोंदीत मिळते. ग्रंथात उल्लेखिलेला मँबॅनॉस राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असे बहुतेक विद्वान मानतात.

तगर म्हणजे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर, ही ओळख फ्लीटने १९०१ मध्ये पटविली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेथे जमविलेल्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. अशाच धाटणीची, परंतु अधिक सुस्थितीतील मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथील एका घरात सापडली होती. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वी तेथे पोहोचली असली पाहिजे. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हणण्यात आले. आता ती यक्षी असावी, असे मत आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ च्या उत्खननात याच वळणाच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाल्याने पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, या तर्कास बळकटी आली. तथापि तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येकडील, ही अडचण उरतेच.

कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या कांस्य वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती प्रसिद्ध आहे. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयातील या संचाच्या नंतरच्या तपासणीत त्यातील मोजक्याच वस्तू भूमध्य प्रदेशातून आलेल्या व बाकीच्या देशी असल्याचे दिसून आले.

मृद्भांड्यांच्या बाबतीत तर मतपरिवर्तन अधिक मूलगामी आहे. व्हीलरने १९४५ मध्ये अरिकामेडू येथे चक्रांकित भांडी भूमध्य समुद्रीय परंपरेची मानली. विमला बेगली यांनी ती भारतीयच असल्याचे दाखविले. झिलईदार तांबडी भांडीही आता पश्चिम भारतातील समजली जातात. मद्यकुंभांची कथा याहून उद्बोधक. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रोमन कुंभ येथे येत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या नावाखाली नोंदलेली कित्येक खापरे प्रत्यक्षात बिनकानाच्या, आतून डांबर लावलेल्या कुंभांची आहेत, हे रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. हे कुंभ मेसोपोटेमिया व इराणी आखाताकडील असून बव्हंशी सासानी व आरंभीच्या इस्लामी काळातील आहेत.  या एका दुरुस्तीने काही स्थळांच्या ‘रोमन’ व्यापाराचा काळ कित्येक शतके खाली येतो आणि अरबी समुद्रातील जवळचा शेजारी जो इराण, त्याचा वाटा पुढे येतो.

अनुकरणाचा पुरावा मात्र भरघोस आहे. तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांच्या छापाची, वर अडकविण्यास कडी असलेली भाजक्या मातीची पदके मिळाली; ती अंगावर घालीत असावेत. तेथील केओलीनच्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या असून हे तंत्र पश्चिमेकडून आले असावे. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजमुखाभोवती ग्रीक अक्षरांत प्राकृत लेख आहे. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर ही अक्षरे केवळ निरर्थक नक्षी उरली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठविला आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिले, असे तेथील लेख सांगतात. दात्यांची नावे मात्र सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन अशा भारतीय वळणाची आहेत. ते थेट रोमन साम्राज्यातून आलेले व्यापारी, की वायव्येकडील ग्रीकांचे येथे रुजलेले वंशज, याविषयी मतभेद आहेत; नाशिकच्या लेण्यातील इंद्राग्निदत्त हा दात्तामित्रीचा, उत्तरेकडील योनक असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. धेनुकाकटाचे स्थानही वादग्रस्त आहे.

उलट दिशेचा पुरावा ईजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनीके बंदरात मिळतो. तेथील देवळात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२२ मध्ये तेथे संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. तिचा दगड इस्तंबूलच्या दक्षिणेकडील खाणीचा असावा आणि ती बंदरातच घडविली गेली असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. त्याच बंदरात दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणीही मिळाली आहेत.