सिंकोनाचा पहिला हिवाळा

हिवतापाने थरथरणाऱ्या रोग्याला ज्या झाडाच्या सालीने वाचविले, ते झाड स्वतः मात्र थंडीला फार भिते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. क्विनीन देणारा सिंकोना वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. क्लेमेंट्स मार्कम यांच्या प्रयत्नाने १८६० नंतर तो निलगिरीवर रुजला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक टॉमस अँडरसन यांनी जावाहून रोपे आणून हिमालयात लागवडीचा उद्योग आरंभिला.

१८६२ साली दार्जिलिंगजवळच्या सिंचल डोंगरावर, आठ हजार फुटांहून अधिक उंचीवर, ही रोपे नेण्यात आली. झाड उंच पर्वतातले, तेव्हा त्याला येथेही उंच जागा हवी, असा तर्क त्यामागे होता. तर्क सरळ होता, पण अपुरा होता. अँडीजचा तो भाग विषुववृत्तालगतचा; तेथे उंचीवर गारवा असला तरी वर्षभर ऋतुमान जवळजवळ सारखे. दार्जिलिंग सत्तावीस अंश उत्तरेस. तेथे हिवाळा म्हणजे खराखुरा हिवाळा. कोवळी रोपे वाचवावयाची तर त्यांना खाली लेबाँगच्या उतारावर आणणे भाग पडले. पुढे आणखी खालच्या, उबदार अशा रंगबीच्या खोऱ्यात व त्यानंतर मंगपू येथे ही लागवड स्थिरावली.

जागा बदलली तरी रोपांची निगा सुटली नाही. वाफ्यांवर गवताने शाकारलेले मांडव घालीत. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. साधे गवती छप्परही ती काहीशी अडवून धरते. दिवसा तेच छप्पर कडक उन्हापासूनही राखण करी. परंतु हे छत्र कायमचे नसे. रोप जोम धरू लागले की आच्छादन हळूहळू कमी करून त्याला उघड्या हवेची सवय लावीत आणि पावसाळ्यात ते मळ्यात लावीत. थोरल्या वृक्षांच्या दाट सावलीत सिंकोना वाढवावा, हे जावातील डच मतही येथे मागे पडले. मोकळ्या जागेतील झाडेच अधिक जोमदार ठरली.

या खटपटीचे फळ सामान्य माणसाच्या हाती पडले. १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत क्विनीनच्या पुड्या एकेका पैशाला मिळू लागल्या. आज हिवतापावर इतर औषधे आली असली, तरी त्या काळी असंख्य कुटुंबांचा आधार हाच होता.

सिंचलवरची जागा चुकली होती. ती चूक वेळीच मान्य झाली, म्हणून पुढचे सारे घडले. रोपाला जपणे म्हणजे नुसते झाकणे नव्हे. त्याला मानवेल अशी भूमी देणे आणि वेळ येताच छप्पर काढून घेणे, हेही जपणेच होय.