‘चावी संपत आली’

१. ‘चावी संपत आली’ : हुबळीच्या गंगूबाई हानगल यांची १९३०च्या दशकातील सुरुवातीची गाणी ‘गांधारी’ या नावाने मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. अशा तबकड्या वाजवणाऱ्या चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर घटतो. म्हणून फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर तबकडीची गती राखतो. चावी अगदीच संपली, की सूर उतरतो. जोर सारखाच ठेवणाऱ्या ‘समबल’ स्प्रिंगची घडण वेगळी. पोलादी पट्टीला आधीच घट्ट गुंडाळीचे वळण दिलेले असते. ती कितीही ओढा, त्या क्षणी सरळ होत असतो तो गुंडाळीलगतचा तेवढाच छोटा भाग. म्हणून ओढ जवळपास सारखी राहते. अनेक विजेच्या मोटरींत कार्बन ब्रश झिजत गेले, तरी त्यांच्यावरचा दाब अशीच स्प्रिंग कायम ठेवते. — संपादक