पावाला जाम, भाकरीला करवंदं

पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. वसई १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. आपल्या कसाऱ्याला आगगाडी आली १८६१ साली; १८६५ मध्ये ती थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. चढासाठी मागून जादा इंजिन लावायला गाड्या इथे थांबतात. त्या थांब्यावर चहा-पाव खपतो, आणि आपल्या बायांची करवंदं-जांभळंही.

पाव कुणाला जाम लावून आवडतो, कुणाला मस्का, कुणाला चहात बुडवून. नाचणीच्या भाकरीशी कुणी गूळ घेतं, कुणी दूध, कुणी करवंदाची चटणी. आवड ज्याची त्याची. पण टोपलीभर रानमेवा विकून त्याच पैशातून पोरांसाठी जामची बाटली आणतो, तेव्हा जरा हिशेब करा. टोपली उचलण्याआधी एक ओंजळ घरात काढून ठेवा.