उस्मानाबादी शेळी : नाव आणि ओळख

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवास उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२३ मध्ये जिल्ह्यास धाराशिव हे नाव पुन्हा लाभले. तथापि येथील शेळीची जात उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. स्थलनाम लोपले तरी त्यावरून साधलेले विशेषण टिकून राहते, ते असे.

या जातीच्या बहुतेक शेळ्या काळ्या. परक्यास त्या सारख्याच भासतात. शेळीस मात्र आपले करडू नेमके कळते. पीटर क्लॉप्फर व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये अन्य जातींच्या शेळ्यांविषयी दाखविले की, जन्मताच पाच मिनिटांचा सहवास घडला असता तासाभराने परत आणलेले करडूही आई स्वीकारते. तो न घडल्यास बहुधा झिडकारते. ही पहिली ओळख मुख्यतः वासाची. पुढे आवाजाचीही भर पडते. एका कळपात वाढणाऱ्या करडांचे आवाज परस्परांसारखे होत जातात, असे एलोडी ब्रीफर व अ‍ॅलन मॅकएलिगॉट यांना २०१२ मध्ये आढळले.

यास बोली म्हणण्याची घाई भाषाभ्यासकाने करू नये. परंतु जातीचे नाव साऱ्या कळपास एकच, तर ओळख एकेकीची स्वतंत्र, हा भेद ध्यानी घेतल्यावाचून पशुवर्तनाचा विचार पुरा होणार नाही.