थॅडियस स्टीव्हन्स : हक्क आणि जमीन

अमेरिकेतील यादवी युद्धाचा इतिहास वाचताना लिंकन यांच्या कीर्तीमुळे जी कर्तबगार माणसे झाकोळून जातात, त्यांत पेन्सिल्व्हानियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १७९२ साली व्हरमाँटमधील डॅनव्हिल येथे दरिद्री कुटुंबात, पायात व्यंग घेऊनच जन्मलेल्या या मुलाला त्याच्या आईने अपार कष्ट उपसून शिकविले. विद्येवाचून गरिबाला तरणोपाय नाही ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत.

गेटिसबर्ग येथे वकिलीत नाव आणि पैसा मिळविल्यावर ते राज्याच्या विधिमंडळात गेले. १८३४ साली संमत झालेला मोफत शाळांचा कायदा कराच्या बोजामुळे इतका अप्रिय झाला होता की, वरिष्ठ सभागृहाने तो रद्द करण्याचा कौलही देऊन टाकला. परंतु ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स यांनी केलेल्या भाषणाने कनिष्ठ सभागृहाचे मत फिरले आणि कायदा वाचला. पुढे राज्याच्या नव्या घटनेत मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरताच ठेवण्यात आला, तेव्हा त्या मसुद्यावर सही करण्यास त्यांनी साफ नकार दिला.

युद्धकाळात खर्चाची तरतूद करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६३ साली दक्षिणेच्या फौजेने त्यांचा कॅलेडोनिया येथील लोखंडाचा कारखाना जाळून टाकला, तरी त्यांचा निर्धार ढळला नाही. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी आणि कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी, या दोन्ही घटनादुरुस्त्यांसाठी ते झटले.

मात्र दक्षिणेतील बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषास ४० एकर द्याव्यात, ही त्यांची योजना स्वपक्षीयांनाही मानवली नाही. ११ ऑगस्ट १८६८ रोजी ते वारले आणि, वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमी त्यांनी आधीच नाकारल्या असल्यामुळे, लँकेस्टरमधील सर्व वर्णांना खुल्या असलेल्या लहानशा दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

त्यानंतर मुक्त झालेली असंख्य कुटुंबे जुन्याच मालकांच्या शेतांत वाट्याने राबू लागली, कर्जात बुडाली आणि शतक संपता संपता मताचा हक्कही गमावून बसली. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याला घटनेने दिलेला हक्क बजावता येत नाही, हे स्टीव्हन्स यांनी वेळीच ओळखले होते. म्हणून संमत झालेल्या त्यांच्या कायद्यांइतकीच ही फेटाळलेली योजनाही त्यांच्या थोरवीची साक्ष आहे, असे मी मानतो.