कमी फॉडमॅप आहार

कमी फॉडमॅप आहार हा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) या आतड्याच्या विकाराची लक्षणे आटोक्यात ठेवण्यासाठीचा आहारोपचार आहे. तो ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झाला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी कर्बोदके. ती आतड्यात पाणी ओढतात व मोठ्या आतड्यात आंबून वायू निर्माण करतात. त्यामुळे संवेदनशील आतडे ताणले जाऊन पोट फुगते व दुखते.

प्रारंभी कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे पदार्थ २ ते ६ आठवडे वर्ज्य असतात, भात चालतो. नंतर एकेक गट पुन्हा देऊन त्रासदायक पदार्थ ओळखतात व केवळ तेच मर्यादित ठेवतात. वर्ज्य टप्पा लांबल्यास पोषणाची उणीव संभवते. म्हणून आहारतज्ज्ञाची देखरेख इष्ट ठरते. शौचातून रक्त जाणे किंवा अकारण वजन घटणे ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. त्यांसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.